प्रतिसाद: मायनर 1000 की ऑस्टिन ए35?

मॉरिस मायनर 1000 आणि ऑस्टिन ए35 या जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी कोणती घ्यावी, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की दोन्हींत 948 सीसीचं ए-सिरीज नावाचं एकच इंजिन, म्हणून देखभालही सारखीच. ते पटत नाही. इंजिनातही फरक आहेच: मायनरला एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारा भाग), ए35 ला झेनिथचा.

खरी तफावत ब्रेकमध्ये. मायनरचे चारही हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणारे. ए35 चे फक्त पुढचे. मागच्यांसाठी गाडीखाली एकच हायड्रॉलिक सिलिंडर आणि तिथून चाकांपर्यंत सळया. त्या सळयांच्या पिना झिजल्या किंवा गंजून अडकल्या की ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) कितीही करा, मागचे ब्रेक नीट लागणार नाहीत. आधी पिना बदला, मग ब्रेक अ‍ॅडजस्ट करा.

स्टीअरिंगला मायनर निर्विवाद सरस, कारण रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक, थेट जोड). ए35 ला स्टीअरिंग बॉक्स (गिअरची पेटी), त्यात ढिलाई येतेच.

पण मायनरचा पुढचा ट्रनियन (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनमधला, चाक वळू देणारा आट्यांचा सांधा) अजिबात विसरू नका! ग्रीस कमी पडलं की आटे झिजतात, सांधा निखळतो आणि चाक आत दुमडतं. दर 1000 मैलांना जॅक लावून चाकावरचा भार काढा, मगच ग्रीस गन लावा. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरत राहा. भार असताना ग्रीस आट्यांत नीट शिरत नाही.

मायनर घेताना मागच्या स्प्रिंगच्या हँगरजवळचा (स्प्रिंग गाडीला जिथे जोडलेली असते तिथला) गंज स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. रंगावर जाऊ नका.