बारावीनंतर थेट अमेरिकेत एमडी?
बारावी झाली की एमकॅट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन थेट अमेरिकेत एमडीला, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीला, जाता येतं, असं कोणीतरी सुचवलंय. तसं होत नाही हो. आधी चार वर्षांची पदवी, तीही शक्यतो अमेरिका-कॅनडातली. भारतातल्या गुणपत्रिका एएमकॅस, म्हणजे तिथली वैद्यकीय प्रवेशाचे अर्ज हाताळणारी सेवा, पडताळतच नाही. बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. घेणाऱ्यांपैकी काही एक ते चार वर्षांची फी आधीच एस्क्रो खात्यात (फीपुरतं राखून ठेवलेलं, त्रयस्थाच्या ताब्यातलं खातं) भरायला लावतात. फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचं, कर्ज मिळत नाही, खासगीला बहुतेकदा तिथला सहकर्जदार लागतो. ग्रीनकार्डवाला सख्खा काका असला तरी एवढ्या रकमेवर सही करताना त्याचा हात आखडतोच! त्यापेक्षा इथे एमबीबीएस, मग यूएसएमएलई ही अमेरिकेतली डॉक्टरी परवान्याची परीक्षा आणि रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या रुग्णालयातलं प्रशिक्षण. मॅचची, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळण्याची, धाकधूक तिथेही आहे, पण निदान पदवी हातात असते.