घाट बघायचा तर खिडकी उघडीच हवी

मुंबई-पुणे रेल्वेवरचा बोरघाट बघायला एसी चेअर कारने जा, असं कुणीतरी सुचवलंय. मला नाही पटत. पावसात बंद काचेतून काय दिसणार, आपलंच तोंड!

आम्ही चौघी दर श्रावणात दादरहून सकाळी साध्या डब्यातून लोणावळ्याला जातो. पुण्याकडे जाताना डावीकडची खिडकी धरायची, उल्हास नदीची दरी त्याच बाजूला. कर्जतला गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात, कारण पुढे चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. घाटातला हा मार्ग सुरू झाला १८६३ साली. इंजिनं लागेपर्यंत कर्जतला गरम वडे घ्यायचे. मग बोगदा, धबधबा, पुन्हा बोगदा. यंदा घाटातल्या मंकी हिल या ठिकाणापाशी धुक्याचा लोट थेट डब्यात शिरला आणि मैत्रिणीचा अर्धा वडा भिजला. तिने तसाच खाल्ला. संध्याकाळी परत, चिक्की घेऊन.