ज्येष्ठांची चाल मोबाइलने मोजावी का?

पायवाट: वयस्कर माणसाचा तोल पाहायला 'टाइम्ड अप अँड गो' चाचणी घेतात. खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. १९९१पासून ती चालत आलीय. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले की पडण्याचा धोका धरतात. पण स्टॉपवॉच एकच आकडा देतं. मोबाइल कमरेला बांधला तर त्यातल्या अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप या हालचाल आणि वळणं टिपणाऱ्या सेन्सरवरून उठायला किती वेळ गेला, वळायला किती, बसताना धपकन बसले का, सगळं सुटं सुटं दिसतं. वेळ वळण्यातच जात असेल तर व्यायामही त्याचेच देता येतात.

नसती उठाठेव: वळताना कोणी अडखळतंय हे कळायला सेन्सर कशाला? समोरच्या फिजिओला डोळे आहेत की! आणि पट्टा दर वेळी त्याच जागी नको का? सैल खिशातला फोन माणसाच्या चालीत स्वतःचं हिंदकळणंही मिसळतो.

पायवाट: डोळे आहेत, पण भेट क्वचित. शिवाय डॉक्टरांसमोर सगळे ताठ चालतात. आयफोन २०२१पासून नुसता खिशात असताना चालण्याची स्थिरता मोजतो.

सावकाश: घरात फोन खिशात असतो कुठे? टेबलावर नाहीतर चार्जिंगला! कपड्यांना खिसेच नसलेल्या बायकांचं तर विचारूच नका. रात्री बाथरूमला उठताना फोन कोण घेतं? धोक्याची पावलं नेमकी तीच, आणि तीच नोंदीत नाहीत. सकाळच्या फेरफटक्याची झोकदार पावलं तेवढी जमा होणार, आणि अ‍ॅप सांगणार 'सगळं छान'.

पायवाट: खिशाचं पटलं. म्हणून तर ठरवून, पट्टा बांधून, कोणीतरी शेजारी उभं राहून चाचणी घ्या म्हणतोय.

नसती उठाठेव: शेजारी कोणी उभं राहणारच असेल तर त्याच्या हातात घड्याळ द्या! समजा, वेग सेकंदाला ०.८ मीटरपर्यंत घसरला. पुढे काय? पायांचे व्यायाम, चष्म्याचा नंबर, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार. हे आकड्यावाचूनही करायचंच असतं. उलट घरचे तो आकडा बघून म्हणणार, "आता एकट्याने बाहेर जाऊ नका." चालणं बंद झालं की पाय आणखी लुळे.

सावकाश: घरच्यांना आकडा लागतच नाही, ते तसंही म्हणतात. 😀 पण पायवाट, वॉकर घेऊन चालणाऱ्यांचं काय? त्यांच्या चालीची लय वेगळी, पावलं ओळखतानाच अ‍ॅपचा घोळ होतो. आणि चाचणीची खरी गरज त्यांनाच.