ट्रॉयचे नऊ थर: होमरचं शहर नेमकं कोणतं?

प्रश्न (कोरीव_काठ)

इलियड (होमरचं ट्रोजन युद्धावरचं ग्रीक महाकाव्य) संपवून ट्रॉयच्या उत्खननाबद्दल वाचायला घेतलं आणि गोंधळ उडाला. थर खालून वर मोजतात; कुणी सहावा थर म्हणतं, कुणी ‘सातवा अ’, आणि जर्मन उत्खननकार श्लीमानचं सोनं तर दुसऱ्या थरातलं. यातलं होमरचं ट्रॉय कोणतं? हित्ती (त्या काळचं अनातोलियातलं साम्राज्य) लोकांच्या मातीच्या पाट्यांचा पुरावा कितपत भक्कम आहे? दहा वर्षांचा वेढा आणि लाकडी घोडा यांचं काय? आणि प्रत्यक्ष जागेवर थर ओळखायचे कसे?

प्रतिसाद १ (पांढरीची_माती)

आधी श्लीमानचं बाजूला काढू. होमरचं शहर तळाशीच असणार असं धरून त्याने १८७० पासून आजच्या तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकाडात उत्तर-दक्षिण असा प्रचंड चर खणला, वरचे थर उपसून फेकले, आणि १८७३ मध्ये दुसऱ्या थरात सापडलेल्या सोन्याला ‘प्रायमचा खजिना’ (प्रायम म्हणजे काव्यातला ट्रॉयचा राजा) म्हणून टाकलं. तो थर ट्रोजन युद्धाच्या परंपरागत काळाहून हजारावर वर्षांनी जुना आहे. प्रायमचा आणि त्या सोन्याचा काडीचा संबंध नाही.

खरा वाद दोनच थरांचा. सहावा साधारण इ.स.पू. १७५० ते १३००. बालेकिल्ल्याची तटबंदी सुमारे ५५० मीटर घेराची, ४ ते ५ मीटर जाड, चुनखडीच्या घडीव दगडांची, बाहेरून तिरकी. कवितेतल्या ‘उत्तम तटांच्या’ शहराला हेच शोभतं, म्हणून नंतरचा उत्खननकार डॉर्पफेल्डने १८९३-९४ मध्ये याच्या बाजूने कौल दिला. अडचण अशी की त्याचा शेवट बहुधा भूकंपाने झाला: भिंती तडकलेल्या, कललेल्या, वरचे दगड ढासळलेले.

मग ‘सातवा अ’, अंदाजे इ.स.पू. १३०० ते ११८०. तोच तट दुरुस्त करून आत तटाला खेटून लहान लहान घरं दाटीवाटीने बांधली. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठे रांजण, वर दगडी झाकण. शेवटी जळिताचा थर, माणसांची हाडं, बाणांची टोकं. त्यानंतरचा उत्खननकार ब्लेगनने (१९३२-३८) हे वेढ्यात सापडलेलं शहर मानलं. पण रांजण पुरणं म्हणजे वेढ्याचीच तयारी असं नाही, भूकंपानंतर जागा कमी पडली तरी लोक हेच करतील. शिवाय इ.स.पू. ११८० च्या सुमारास खुद्द ग्रीसमधले मायसीनी (कांस्ययुगीन ग्रीकांचे) राजवाडे कोसळत होते, तेव्हा हल्लेखोर ग्रीकच होते असं त्या राखेवरून सांगता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: ही दोन वेगळी शहरं धरूच नयेत. तट तोच आहे, वस्तीही बरीचशी सलग आहे. अलीकडचा उत्खननकार कोर्फमान याच्या चमूने ‘सातवा अ’ला सहाव्याचाच शेवटचा टप्पा ठरवलं ते योग्य आहे. कवीच्या कानावर आलेली तटाची भव्यता सहाव्याची आणि जळिताची आठवण त्यानंतरची, असं मानलं तर पुराव्याची ओढाताण होत नाही.

आणि प्रायमचा राजवाडा शोधू नका. पुढे ग्रीक-रोमन काळात अथेनाच्या देवळासाठी टेकाडाचा माथाच सपाट केला गेला. सहाव्या-सातव्या थरांचा मधला भाग त्यात गेला, फक्त कडा उरल्या.

प्रतिसाद २ (कीलाक्षर)

पाट्यांबद्दल. हित्ती राजा दुसरा मुवातल्ली याने इ.स.पू. १२८० च्या आसपास विलुसाचा राजा अलाक्सांदू याच्याशी तह केला. विलुसा म्हणजे इलिओस हे आता बहुतेक अभ्यासक मानतात (ग्रीक नावाच्या सुरुवातीचा ‘व’ पुढे गळाला). तहाच्या साक्षी देवतांमध्ये एक भूमिगत जलमार्गही आहे, आणि टेकाडाच्या नैर्ऋत्येला खडकात खोदलेले पाण्याचे बोगदे खरोखर सापडलेत. दुसरा पुरावा म्हणजे तवागलावा पत्र, अंदाजे इ.स.पू. १२५०. त्यात हित्ती राजा अह्हियावाच्या, म्हणजे मायसीनी ग्रीकांच्या, राजाला विलुसावरून आपल्यात झालेल्या वितुष्टाची आठवण देतो.

लोक इथेच घसरतात. अलाक्सांदू हे नाव अलेक्झांड्रोसशी, म्हणजे हेलनला पळवणारा ट्रोजन राजपुत्र पॅरिस याच्या दुसऱ्या नावाशी जुळतं, पण तो राजपुत्र नाही, हित्तींचा मांडलिक राजा आहे. पाट्यांत हेलन नाही, दहा वर्षांचा वेढा नाही. सिद्ध होतं ते इतकंच: या शहरावरून ग्रीक आणि हित्ती यांच्यात खटके उडाले होते. १९९५ मध्ये सापडलेली ब्राँझची लुवियन (अनातोलियातली तेव्हाची एक भाषा) मुद्राही युद्धाच्या पुराव्यात धरू नका, ती नंतरच्या, ‘सातवा ब’ थरातली आहे.

प्रतिसाद ३ (शिडाची_दोरी)

दहा वर्षांचा हिशेब ग्रीक इतिहासकार थुसिडिडिसनेच मांडून ठेवलाय. जहाजं १२००, मोठ्यात मोठ्या जहाजावर १२० माणसं, लहानावर ५०. सरासरी ८५ धरली की १,०२,००० माणसं. माणशी रोज एक किलो धान्य म्हटलं तरी दिवसाला शंभर टन! थुसिडिडिसचं म्हणणं असं की रसद पुरेना म्हणून सैन्याचा काही भाग समोरच्या द्वीपकल्पात शेती करण्यात आणि लुटालुटीत गुंतला, म्हणून वेढा रेंगाळला. त्याच्या तर्काची मला फार कदर वाटते, पण आकडे कवितेतलेच आहेत. बालेकिल्ला जेमतेम दोन हेक्टरांचा. खालची वस्ती धरली तरी एवढ्या फौजेची गरजच नाही. त्या वस्तीभोवती खडकात खोदलेला सुमारे दोन मीटर खोल खंदक मिळालाय, तो रथ अडवायला पुरेसा.

घोडा इलियडमध्ये सापडणार नाही, ते काव्य ट्रोजन वीर हेक्टरच्या अंत्यविधीवर थांबतं. ओडिसीचे ४, ८ आणि ११ हे सर्ग पाहा; सविस्तर कथा व्हर्जिलच्या इनिडच्या दुसऱ्या सर्गात. मिकोनोस बेटावर सापडलेल्या इ.स.पू. ६७० च्या सुमाराच्या रांजणावर मात्र चाकांचा घोडा कोरलाय, अंगाला चौकोनी खिडक्या, प्रत्येकीतून एकेक योद्ध्याचं तोंड. उत्खननात घोड्याचा मागमूस नाही.

प्रतिसाद ४ (पांढरीची_माती)

जागेवर ओळखायचं तर दगडाची ठेवण बघा. तिरका तट आणि त्यात काही मीटरांवर एकेक उभी खाच दिसली की सहावा थर. पूर्व दरवाज्यापाशी हे सर्वांत स्वच्छ दिसतं. सरळ उभे, मोठे, काटकोनी चिरे म्हणजे रोमन नववा. फरसबंदी उतार दुसऱ्या थराचा. श्लीमानच्या चराच्या तळाशी लहान दगडांच्या समांतर भिंती आहेत, तो पहिला. फलकावरचा रोमन आकडा आधी वाचा, मग भिंतीकडे बघा, कारण दोन हजार वर्षांचं अंतर असलेल्या भिंती तिथे हातभर अंतरावर आहेत.

उत्तरेला माथ्यावरून दिसणारी शेतं त्या काळी खाडी होती, स्कामांडर नदीच्या गाळाने ती भरली. जहाजं कुठे लागली असतील याचा विचार आजच्या किनाऱ्यावरून करू नका. संग्रहालय शेजारच्या तेवफिकिये गावात आहे, २०१८ मध्ये उघडलेलं. ‘प्रायमचा खजिना’ मात्र तिथे शोधू नका. १९४५ मध्ये तो बर्लिनहून सोव्हिएत फौजांनी नेला, बराचसा मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.