मदत हवी आहे: आईच्या हाताची कातडी जरा धक्का लागला की सोलवटते, काय लावू?

डिचोलीकर_दादा: आईच्या हातांवर जांभळे डाग येतात. कपाटाची कड लागली तरी कातडी सोलवटते. काल चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर कातडीच निघाली. क्रीमचं नाव सांगा. ‘वयामुळे होतं’ हे नको, ते डॉक्टरांनी सांगून झालंय.

कुळागरवाला: भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. कोमट करून रात्री चोळ. आमच्याकडे भेगांना दुसरं काही लावतच नाहीत.

फोंड्याची_सुषमा: भेगांचं विचारलंय कोणी? आणि सोललेल्या कातडीवर चोळायचं? दादा, आईचं वय किती? साखर? रक्त पातळ करायच्या गोळ्या?

डिचोलीकर_दादा: ८१. साखर नाही. गोळ्या बऱ्याच आहेत, त्यांचा काय संबंध?

मडगावचा_सम्या: कोलॅजन पावडर द्या. बायको घेते, चेहरा काय चमकतोय!

निवृत्त_सिस्टर: सम्या, पावडर पोटात पचते, तशीच हातावर जाऊन बसत नाही.
दादा, ‘वयामुळे’ म्हणजे काय ते ऐका. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१मध्ये दाखवलं. म्हाताऱ्या त्वचेत अशा थांबलेल्या पेशी साठतात. त्या लगेच मरत नाहीत. शेजारचं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळ देणारं प्रथिन, तोडणारी द्रव्यं सोडत राहतात. उन्हाने हे आणखी लवकर होतं. त्यात वरचा थर खालच्या थरात खुंट्यांसारखा रुतलेला असतो, त्या खुंट्या झिजतात. मग जरा घासलं की थर सरकतो. आधार गेलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, तेच जांभळे डाग.
साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर दोन वेळा, लांब बाह्या. चिकटपट्टी बंद, न चिकटणारं ड्रेसिंग ठेवून वर बँडेज गुंडाळा. सुटलेली साल कापू नका, सलाईनने धुऊन हलकेच जागेवर पसरवा.

कुळागरवाला: म्हणजे भिरंडेलच की. तेही मॉइश्चरायझर.

फोंड्याची_सुषमा: दादा, गोळ्या!!

डिचोलीकर_दादा: स्टेंट आहे, रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. आणि खाजेला फार्मसीतली बेटामेथासोनची ट्यूब, बरीच वर्षं लावते.

निवृत्त_सिस्टर: अहो, हे पहिल्या ओळीत नको का? ती स्टेरॉइडची ट्यूब, कातडी आणखी पातळ करते. गोळ्यांनी डाग वाढतात, पण त्या स्वतःहून बंद करू नका, स्टेंट बुजू शकतो. ट्यूब आणि गोळ्या घेऊन गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) त्वचा विभागात दाखवा.

डिचोलीकर_दादा: आणि खाजेचं काय?

फोंड्याची_सुषमा: या वयात बहुतेक वेळा कोरडेपणाची असते. गरम पाण्याची आंघोळ कमी करा. तेही तिथेच विचारा.

मडगावचा_सम्या: गोमेकॉत गाडी लावायला जागा मिळते का सकाळी?

कुळागरवाला: बसने जा. येताना आमच्याकडे ये, भिरंडेल देतो.