शब्दचर्चा: ‘अ‍ॅडव्होकसी’ला कोकणात काय म्हणायचं?

पाखाडी (राजापूर)

राजापूर तालुक्यातल्या आम्ही काही अपंग माणसांनी मिळून एक छोटी पुस्तिका करायला घेतली आहे. ग्रामसभेत, वाडीच्या बैठकीत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, बचत गटात, निवडणुकीत आपल्याला काय काय करता येतं आणि अडलं तर कुठे जायचं, एवढाच विषय. हाताशी असलेलं साहित्य बहुतेक इंग्रजी, नाहीतर इंग्रजीवरून उतरवलेलं. त्यात दोन शब्द पानोपानी येतात: ‘अ‍ॅडव्होकसी’ (म्हणजे हक्काच्या गोष्टीसाठी बोलणं) आणि ‘कम्युनिटी इन्व्हॉल्व्हमेंट’ (म्हणजे गावाच्या कामात सामील असणं). पहिल्याला कुणी ‘वकिली’ लिहितं, कुणी ‘जनवकिली’, कुणी हिंदीच्या वळणाने ‘पैरवी’. दुसऱ्याला सगळीकडे ‘समुदाय सहभाग’.

कच्चा मजकूर वाडीत वाचून दाखवला. ‘वकिली’वर लगेच विचारणा झाली, “म्हणजे कोर्टात जायचं का? वकिलाचे पैसे कोण भरणार?” ‘समुदाय सहभाग’वर कुणी काहीच विचारलं नाही. मला या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटते. जो शब्द ऐकून शंकासुद्धा येत नाही, तो कानावरून गेला असंच समजायचं.

मी पोलिओमुळे कुबड्यांवर चालते. माझ्या वतीने बोलणारी माणसं मला आयुष्यभर भरपूर भेटली, चांगल्या मनाची भेटली. पुस्तिकेत मात्र मला असा शब्द हवा आहे ज्यात बोलणारी मीच असेन. सुचवा. 1 मेच्या ग्रामसभेआधी छापून हातात हवी आहे.

जुनी पाटी (गुहागर)

ताई, या अर्थाच्या आसपास मराठीत शब्दांना तोटा नाही. कैवार, तरफदारी, रदबदली, शिष्टाई, मध्यस्थी, भलामण, शिफारस. आता हे वाक्यात घालून बघा. कैवार नेहमी कुणीतरी कुणाचातरी घेतो. ‘मी माझा कैवार घेतला’ हे मराठी कानाला चालतच नाही. रदबदली दुसऱ्यासाठी करायची. शिष्टाईला कृष्ण गेला, पांडव मागे थांबले. या सगळ्या शब्दांत मागणारा, देणारा आणि मधला अशी तीन माणसं लागतात, आणि वजन असतं ते मधल्याला. तुम्हाला नेमका तोच नको आहे.

या घोळक्यात एकच शब्द मधल्याशिवाय चालतो, तो म्हणजे पाठपुरावा. ‘मी माझ्या दाखल्याचा पाठपुरावा केला’ हे कुणीही बिनदिक्कत म्हणतं. पाठ पुरवणे म्हणजे पिच्छा न सोडणे. तहसील कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उणीव एवढीच की पाठपुरावा आधी मांडलेल्या गोष्टीचा होतो. मुळात मांडायचं कसं, हे त्यात येत नाही. म्हणून ‘आपली बाजू मांडणं आणि तिचा पाठपुरावा करणं’ अशी जोडी लिहावी. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द मिळाला पाहिजे हा हट्ट सोडलात की लिखाण मोकळं होईल.

खळ्यातलो (मालवण)

आमच्याकडे शब्द आहे, फक्त तो देवळात राहिला. गाऱ्हाणं!

बाहेरच्यांसाठी सांगतो. जत्रा असो, शिमगा असो, घरभरणी असो, एक जाणता माणूस देवासमोर उभा राहतो, नारळ ठेवलेला असतो, आणि तो “बा देवा महाराजा” अशी सुरुवात करून गावाच्या अडीअडचणी एकेक करून मांडतो. प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, “होय महाराजा!” मागणं एकाच्या तोंडून येतं, पण ते सगळ्यांचं होतं. कुणाच्या घरातलं दुखणं असलं तरी त्याला गाव होकार देतो. लोकांनी मिळून मागण्याची रीत आपल्या अंगात इतकी मुरलेली असताना ‘जनवकिली’ कशाला आणायची?

क्रियापदाकडे मात्र लक्ष ठेवा. देवाला गाऱ्हाणं *घालतात*, सरकारदरबारी गाऱ्हाणं *मांडतात*, आणि गाऱ्हाणी *सांगत* बसतो तो रडका. तुमच्या पुस्तिकेत ‘मांडणं’ हवं.

पाखाडी (राजापूर)

खळ्यातलो दादा, ‘होय महाराजा’ वाचून अंगावर काटा आला. तरीही माझी एक अडचण आहे. गाऱ्हाणं घालणारा मानकरी ठरलेला असतो. माझं दुखणं तो मांडणार, गाव होकार देणार, आणि मी देवळाच्या पायऱ्यांखाली. शिवाय देवाकडे मागायची ती कृपा. ग्रामपंचायतीकडे मागायचं ते कायद्याने ठरलेलं. मात्र होकाराचा भाग मी नक्की घेणार आहे. अपंग माणूस ग्रामसभेत बोलायला उठला की बाकीच्यांचं काम काय, हे त्या दोन शब्दांत गावाला कळेल.

‘सहभाग’ या शब्दाबद्दलही मनातलं लिहिते. आमच्या वाडीत कुणी ‘सहभाग घेतो’ असं म्हणत नाही. माणूस वाडीचा आहे की नाही हे वर्गणीवर ठरतं. शिमग्याची वर्गणी घरटी ठरते, वहीत नाव चढतं, आणि ज्याचं नाव वहीत त्याला बैठकीत तोंड उघडायचा अधिकार. मुंबईचा चाकरमानी वर्षातून दोनदा येतो, पण वर्गणी भरतो म्हणून त्याचं मत विचारतात.

आमच्याकडे एक बाई आहेत, कमरेखाली हालचाल नाही, एकट्या राहतात, मशीनवर शिवणकाम करून पोट भरतात. वाडीने त्यांची वर्गणी माफ केली होती. चांगल्या मनानेच. वर्गणी माफ झाली तसा बैठकीचा निरोपही यायचा बंद झाला. तोही चांगल्याच मनाने, ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून. मग एका शिमग्याला त्यांनी ठरलेली रक्कम पुतण्याच्या हाती पाठवली. वहीत ती चढली ‘देणगी’च्या रकान्यात! नाव, रक्कम सगळं बरोबर, रकाना तेवढा वेगळा. बाईंनी वही घरी मागवली आणि खजिनदाराला समोर बसवून नोंद ‘वर्गणी’खाली करायला लावली. खजिनदार म्हणाला, पैसे तेच ना? त्या म्हणाल्या, “देणगीवाल्याचे आभार मानतात. वर्गणीवाल्याला विचारतात.”

पुढच्या बैठकीचा निरोप आला. बैठक नेहमीच्या वरच्या घरी होती, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, टोकाला. त्यांनी उलट निरोप धाडला की खालच्या पडवीत घ्या. घेतली.

माझ्या मते या एका नोंदीत आमचे दोन्ही शब्द येऊन गेले. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘समुदाय सहभाग’ऐवजी ‘वर्गणी आणि बैठक’ हे शीर्षक द्यायचं माझ्या मनात आहे.

जुनी पाटी (गुहागर)

द्याच. आणि ‘माफ’, ‘सूट’, ‘सवलत’ या शब्दांवर एक चौकट टाका. ज्याला प्रत्येक गोष्टीत सूट मिळते, तो हळूहळू हिशेबातूनच सुटतो.

टपाल शिक्का (रत्नागिरी)

ग्रामपंचायतीच्या कागदपत्रांत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

तुमच्या पुस्तिकेतून एक शब्द शोधून काढून टाका: लाभार्थी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. गावोगाव ‘आमचे पाच टक्के’ असंच म्हणतात आणि ते मला आवडतं, कारण त्यात ‘आमचे’ आहे. होतं काय, की वर्षअखेरीला ‘साहित्य वाटप’ होतं, फोटो निघतो, यादीवर सह्या होतात. यादीचं शीर्षक ‘लाभार्थी’. ज्या ग्रामसभेत त्या पैशाचं काय करायचं ते ठरायला हवं होतं, तिथे हीच माणसं ‘ग्रामस्थ’ म्हणून आली असती. ग्रामसभा वर्षातून किमान 4 व्हायला हव्यात. त्यांतल्या एकीत उठून “आमच्या पाच टक्क्यांचा खर्च वाचून दाखवा” एवढं वाक्य बोलता आलं, तर पुस्तिकेचं निम्मं काम झालं. निधी घरटी थोडा थोडा वाटून संपवण्यापेक्षा कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा, असं अपंग माणसांनीच सुचवायला हवं. दुसऱ्याला ते सुचत नाही.

दुसरा शब्द ‘पोच’. सरकारी मराठीत ‘सुगम्यता’ म्हणतात, तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. आपण म्हणतो, तिथवर पोच आहे का? पोचरस्ता आहे का? आणि अर्ज दिल्यावर शिक्का मारून मिळते तीही पोचच. तुमच्या पुस्तिकेला हा शब्द दोन्ही अर्थांनी उपयोगी आहे. कार्यालयापर्यंत पोच नसेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी विनंतीचा पाठपुरावा करता येत नाही.

तिसरा मुद्दा ‘शिफारस’ आणि ‘बंधनकारक’ या शब्दांतल्या फरकाचा. 2016 च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याखालच्या नियमांत पोचण्याच्या सोयींचे निकष होते, पण ते मार्गदर्शक स्वरूपाचे मानले जात. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितलं की असं चालणार नाही, काही निकष सक्तीचे हवेत, आणि तसे नियम करायला केंद्र सरकारला 3 महिन्यांची मुदत दिली. ग्रामसेवक “ते फक्त मार्गदर्शक आहे” म्हणाला तर हा निकाल सांगा. त्याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, कलम 72 प्रमाणे जिल्हा समिती असते, आणि वर राज्याचे आयुक्त पुण्यात बसतात. वकील लागत नाही. ताईंच्या वाडीतल्या शंकेला हे उत्तर.

जुनी पाटी (गुहागर)

‘उतार’ या शब्दावरून आठवलं. दाभोळ-धोपावे फेरीबोट आल्यापासून चाकाच्या खुर्चीतली माणसं खाडी ओलांडताना दिसतात. बोटीचं पुढचं पोलादी झाकण धक्क्यावर उतरतं ते मोटारी चढवण्यासाठी, पण खुर्चीही त्यावरून जाते. ओहोटीला तो उतार जास्त खडा होतो, तेव्हा मागून धरायला माणूस लागतो. वाहनांसाठी जो उतार विनातक्रार बांधला जातो, तो दवाखान्याच्या दाराशी मागितला की ‘खास सोय’ होते. ‘खास’ हा शब्दही जपून वापरा.

ओहोटी (देवगड)

मधेच विचारते, तुम्ही सगळे ‘अपंग’ का लिहिताय? ‘दिव्यांग’ लिहायला हवं ना?

टपाल शिक्का (रत्नागिरी)

सरकारी कागदावर ‘दिव्यांग’च लिहा, नाहीतर अर्ज फिरून परत येतो. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला आणि तो खात्यांच्या नावांपर्यंत गेला. आपल्या राज्यातही 2022 साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला.

पाखाडी (राजापूर)

ओहोटीताई, ज्यांना ‘दिव्यांग’ आवडतो त्यांच्यासाठी तो आहेच. मला स्वतःला माझ्या पायात काही दिव्य दिसत नाही. पाय कमी चालतो, बाकी मी गावातल्या कुठल्याही बाईसारखी आहे. आमच्या आजीच्या तोंडचा शब्द मला सगळ्यांत नेमका वाटतो: अधू. ‘पायाने अधू’, ‘डोळ्याने अधू’. जे कमी आहे तेवढंच सांगायचं, माणूस शिल्लक ठेवायचा. पुस्तिकेत शीर्षकाला ‘अपंग’, अर्जाच्या नमुन्यात ‘दिव्यांग’, आणि ‘मूकबधिर’ न लिहिता ‘कर्णबधिर’, कारण ऐकू न येणारी माणसं खुणांच्या भाषेत भरभरून बोलतात, त्यांना मुकं कशाला म्हणायचं? ग्रामसभेत त्या भाषेचा जाणकार बसवा, हीसुद्धा मांडायची बाजू आहे.

खळ्यातलो (मालवण)

‘लाभार्थी’वरून एक सांगतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या संस्थेने आमच्या सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं काम उभं केलं, अपंग माणसांच्या हातांवर. काजूच्या कारखान्यात बी फोडायची, साल काढायची, तुकडा आणि अख्खा गर वेगळा करायचा, हे सगळं बसून होणारं काम. तिथे काम करणाऱ्याला लाभार्थी कोण म्हणेल? पुस्तिकेत रोजगाराचं पान असेल तर ‘मदत’ हा शब्द न वापरता ते लिहून बघा. जमतं.

आणि मतदानाचं पान विसरू नका. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्याला 12-ड नमुना भरून घरून मत देता येतं. पण जमत असेल त्याने केंद्रावर जावं, हे माझं मत. रांगेत दिसलं पाहिजे.

पाखाडी (राजापूर)

सगळ्यांचे शब्द घेऊन पहिल्या पानाचा मजकूर असा झाला आहे. काना-मात्रा बघा:

‘वाडीची वर्गणी भरा आणि बैठकीचा निरोप मागा. ग्रामसभेत आपली बाजू आपण मांडा. उठता येत नसेल तर बसून मांडा, बोलता येत नसेल तर लिहून किंवा खुणेने मांडा. शेजारी बोलायला लागला तर त्याला होकार द्या. जे मागितलं ते कागदावर द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा.’

शेवटी जगभरच्या अपंग चळवळीतली ती घोषणा घालायची आहे, आमच्याविषयी आमच्याशिवाय काही नको, या अर्थाची. प्रमाण मराठीत ती फार ताठ वाटते.

खळ्यातलो (मालवण)

“आमच्याबद्दल काय ठरवूचा आसात, तर आमका इचारून ठरवा.”

जुनी पाटी (गुहागर)

राजापुरात ‘आमका’ नको, ‘आमाला’ करा. आणि मजकुरात ‘शेजारी बोलायला लागला तर’च्या जागी ‘शेजारीण किंवा शेजारी’ घ्या. बाकी छापायला द्या.