महायुद्धातली मोडी पत्रं: सोडवायची कशी, तारीख-ठिकाण लावायचं कसं?

लष्करकर, ग्वाल्हेर
पणजोबांची १९१५-१८ मधली पत्रं ट्रंकेत सापडली आहेत. मोडी लिपी, बरीच अक्षरं जांभळी, काही घड्या एकमेकींना चिकटलेल्या. वाफ देऊन सोडवावीत का? लॅमिनेशन? ठिकाण कुठेच नाही, शिक्क्यावर नुसतं 'एफपीओ' आणि आकडा.

दप्तरी
वाफ अजिबात नको! जांभळी अक्षरं कॉपिंग पेन्सिलची असणार. तिच्या शिशात अ‍ॅनिलीन रंग असतो. ओल लागली की तो पसरतो आणि मजकूर कायमचा जातो. आपल्याकडे मे महिन्यात कागद इतका कोरडा होतो की घडीवरच तुटतो, पावसाळ्यात दमट. दिवाळीच्या सुमारास काम काढा. सहज उघडेल तेवढंच उघडा, चिकटलेली पत्रं जाणकार संवर्धकाकडे द्या. लॅमिनेशन, सेलोटेप, डांबरगोळ्या नकोत. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, आधी टाचणीखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा. प्रत्येक पत्र आम्लविरहित कागदात वेगळं ठेवा. स्कॅन रंगीत, ६०० डीपीआय, टिफ. दोन्ही बाजू आणि पाकीटसुद्धा.

मोडीवाचक
पाकिटं फेकू नका, हे मीही कळकळीने सांगतो. सेन्सॉरमुळे शिपायाला ठिकाण लिहिता येत नसे, पण शिक्का बोलतो. मात्र एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, हे फौजेचं टपाल कार्यालय फौजेबरोबर हलायचं, म्हणून नुसत्या आकड्यावरून गाव ठरत नाही. आकडा आणि तारीख जोडीनेच पाहा. फ्रान्समधलं हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे (आजचा इराक) गेलं, घोडदळ मागे राहिलं.

तारखेत ग्वाल्हेरकरांची खास फसगत होते. शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. म्हणजे शके १८३८, श्रावण शुद्ध ५ = ऑगस्ट १९१६. पण पत्र लिहून देणारा लेखनिक उत्तरेकडचा असेल तर 'संवत', 'सुदी', 'बदी' येईल आणि महिना पौर्णिमेला संपेल. त्याची १९१६ ची भाद्रपद बदी ३ ऑगस्टच्या मध्यात पडते, आपली भाद्रपद वद्य ३ सप्टेंबरच्या मध्यात. शुद्ध पक्षात फरक नाही. संवतातून ५७ वजा करा, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ५६.

दप्तरी
बरोबर. आणि लेखनिकावरून आठवलं: बऱ्याच शिपायांना लिहिता येत नसे, म्हणून एकाच माणसाच्या पत्रांत अक्षर बदलतं. अक्षर वेगळं म्हणून पत्र परक्याचं समजून बाजूला काढू नका. फ्रान्समधल्या सेन्सॉरने हिंदी सैनिकांच्या पत्रांचे इंग्रजी उतारे काढले होते, ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरात आहेत. तिथे नावापेक्षा पलटणीवरून शोधा, रोमन लिपीत नावं फार वेगवेगळी लिहिली आहेत.